सूर्यकिरणचं हॉक १:७२ मध्ये: आधी नाक आणि शेपूट तपासा, मग चिकटवायचं सिमेंट उघडा

सूर्यकिरण हा आपल्या हवाई दलाचा कसरतींचा संघ, रेड अ‍ॅरोज हा ब्रिटिश हवाई दलाचा. हॉक हे दोन आसनांचं प्रशिक्षण जेट, आणि १:७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल. सूर्यकिरणचं म्हणून बांधलेली बरीच हॉक मॉडेलं मुळात रेड अ‍ॅरोजची असतात. रंग सूर्यकिरणचा, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) सूर्यकिरणचे, पण खालचं विमान मात्र ब्रिटिश हवाई दलाचं जुनं हॉक टी.१. सहज हाती लागतं ते रेड अ‍ॅरोजचंच किट. दोन्ही संघांची विमानं लाल, दोन्ही संघ नऊ विमानांचे आणि दोघांकडे हॉकच, म्हणून तेच किट घेतलं जातं. पण आपल्या हवाई दलाचं हॉक मार्क १३२ हे वेगळ्या पिढीचं विमान आहे. तो फरक नाकापासून शेपटीपर्यंत दिसतो आणि रंगाने झाकला जात नाही. म्हणून या मार्गदर्शिकेचा पहिला भाग विमान ओळखण्याचा आहे, बांधणी त्यानंतर.

हॉकचं घराणं, मॉडेल करणाऱ्याच्या नजरेतून

हॉकर सिडलीचं पहिलं हॉक २१ ऑगस्ट १९७४ रोजी इंग्लंडमधल्या डन्सफोल्डहून उडालं. ब्रिटिश हवाई दलात ते १९७६ मध्ये, वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या व्हॅली तळावर दाखल झालं. दोन आसनं एकामागे एक, मागचं आसन उंचावर, म्हणजे शिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून पुढचं दिसतं. पंख खाली, इंजिन एकच: रोल्स रॉईस आणि टर्बोमेकाचं अडूर. याच इंजिनाचं आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) असलेलं रूप आपल्या जग्वारमध्ये आहे. हॉकमध्ये आफ्टरबर्नर नाही, त्यामुळे मागचं नळकांडं साधं आणि गोल दिसतं. बहिर्गोल पाकळ्यांचं नॉझल दुसऱ्या किटमधून आणून बसवण्याचा मोह टाळा.

टी.१ चं नाक आखूड आणि गोलसर. कॉकपिटमध्ये गोल डायल. पंखाखाली एकेक पायलॉन (शस्त्रं लटकवायचा खांब) आणि पोटाखाली मधोमध एक जागा. तिथे ३० मिलिमीटर एडन तोफेचा पॉड (बाहेरून लावायची पेटी) लागायचा. १९८० च्या दशकात यातल्या ऐंशीहून अधिक विमानांना साइडवाइंडर क्षेपणास्त्रं वाहण्याची सोय करून दिली, ते टी.१ए. बाहेरून टी.१ आणि टी.१ए यांत फरक शोधत बसू नका. पायलॉनवर काय लटकलंय तेवढंच बघा. रेड अ‍ॅरोज याच दोन प्रकारांवर उडतात.

सीरीज ५० आणि ६० ही निर्यातीची रूपं. फिनलंडचं मार्क ५१, केनियाचं ५२, इंडोनेशियाचं ५३. पुढे झिंबाब्वे, दुबई, अबुधाबी, कुवेत, सौदी अरेबिया, स्वित्झर्लंड. यांत पंखाखाली चार पायलॉन, पण नाक आखूडच. अपवाद एकच आणि तोच फसवतो: दक्षिण कोरियाचं मार्क ६७. ते सीरीज ६० चं असूनही नाक लांब. म्हणून नुसतं लांब नाक बघून सीरीज १०० म्हणू नका.

सीरीज १०० मध्ये नाक लांब, नाकाच्या चाकाला स्टिअरिंग, पंखाच्या टोकाला क्षेपणास्त्राची रेल बसवण्याची सोय. सगळ्यात खात्रीची खूण मात्र मागे आहे. आडव्या शेपटीच्या थोडं पुढे, धडाच्या दोन्ही बाजूंना एकेक लहानसं आडवं पान असतं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘स्मर्फ’ म्हणतात. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे झुकणारे पट्टे) पूर्ण खाली असताना पंखामागून उतरणारी हवा शेपटीची पकड सोडवते. ही पानं तिथली हवा सांभाळतात आणि नाक अचानक खाली जाऊ देत नाहीत. टी.१ ला ही पानं नाहीत. फोटो मागून, वरून किंवा तिरका असेल तर आधी ही पानं शोधा, नाक नंतर.

मार्क १०२ अबुधाबी, १०८ मलेशिया, १०९ इंडोनेशिया, ११५ कॅनडा, १२० दक्षिण आफ्रिका, १२७ ऑस्ट्रेलिया, १२८ म्हणजे ब्रिटिश टी.२, १३२ म्हणजे आपलं. सीरीज २०० एकाच आसनाची, नाकात रडार. ती चुकून घेतली जाण्याची भीती नाही. टी-४५ गॉसहॉक मात्र नीट ओळखून ठेवा. ते अमेरिकी नौदलाचं, विमानवाहू नौकेवर उतरणारं. नाकाखाली दोन चाकं, शेपटीखाली हूक, एअरब्रेक (वेग कमी करायला हवेत उघडणारं झडप) पोटाखाली नसून मागच्या धडाच्या दोन्ही कुशीला, आणि पोटाखालचं पान एकच. बाकी सगळ्या हॉकना पोटाखाली दोन पानं आणि एअरब्रेकचं एकच मोठं झडप असतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात खोक्याशिवाय मिळालेलं किट असेल तर नाकाच्या चाकाचा भाग स्प्रूवर (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) शोधा: जुळी चाकं दिसली की गॉसहॉक.

पंखाच्या टोकाच्या रेलबद्दल एक नियम पाठ करा. रेल दिसली तर सीरीज १०० किंवा २००. रेल नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती काढता येते.

सूर्यकिरणची तारीख आधी ठरवा

भारताने मार्च २००४ मध्ये ६६ हॉकचा करार केला: २४ ब्रिटनहून तयार, ४२ बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधलेली. २०१० मध्ये आणखी ५७ ची मागणी गेली, त्यातली ४० हवाई दलाची आणि १७ नौदलाची. फेब्रुवारी २००८ मध्ये बिदरला हॉकचा रीतसर समावेश झाला. उदगीर-निलंग्याच्या लोकांना हा तळ शेजारचाच.

सूर्यकिरण मात्र हॉकवर आलं २०१५ मध्ये. त्याआधी १९९६ पासून फेब्रुवारी २०११ पर्यंत हा संघ किरण मार्क २ वर होता. जुन्या कात्रणांतले लाल-पांढरे सूर्यकिरण म्हणजे किरण. हॉकचं मॉडेल बांधताना २००५ च्या फोटोवरून रंगाच्या रेषा उचलल्या तर त्या बसत नाहीत, कारण दोन विमानांच्या अंगाचा आकारच वेगळा. ओळखायला सोपं आहे: किरणमध्ये शिक्षक आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे कॉकपिट रुंद आणि डोकं फुगीर दिसतं. (किरणची आखणी झाली ती डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे, जर्मनीत गोटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केलेले. किरण पहिल्यांदा ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडालं. त्याचं मॉडेलही कोणीतरी मन लावून बांधायला हवं.)

आता फोटो. एकाच विमानाचे, एकाच हंगामातले, किमान चार फोटो जमवा: डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून. शेपटीवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. डावीकडचा फोटो एका विमानाचा आणि उजवीकडचा दुसऱ्याचा, ही सर्रास होणारी चूक आहे. हवाई कसरतीच्या फोटोत पोट आणि पाठ दोन्ही छान दिसतात, कारण काही विमानं उलटी असतात. जमिनीवरचे फोटो चाकं, दारं आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) यांसाठी. धुराची सोय हंगामागणिक बदलली आहे. रंगीत धुराचे पॉड अलीकडे हवाई दलाच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले. त्यामुळे पायलॉन आणि पॉड लावायचे की नाहीत हे तुमच्या फोटोची तारीख ठरवेल, किटची पुस्तिका नव्हे.

किट घेताना पट्टी जवळ ठेवा

एअरफिक्सचं १:७२ मध्ये आखूड नाकाचं टी.१ आहे आणि ‘हॉक १२८/१३२’ नावाचं लांब नाकाचं वेगळं किट आहे. तुम्हाला दुसरं हवंय. खोक्यावर ‘रेड अ‍ॅरोज’ किंवा ‘टी.१’ लिहिलं असेल तर परत ठेवा. टी.१ ला पुट्टीने नाक वाढवून १३२ करता येईल, असा सल्ला मिळतो. तो घेऊ नका. नाक, स्मर्फ, कॉकपिटची पॅनेलं सगळंच बदलावं लागतं आणि तेवढ्या कष्टात दोन चांगली मॉडेलं होतात.

भाग हातात आल्यावर मापं घ्या. खऱ्या विमानाची नाकावरच्या नळीसह लांबी टी.१ ची ११.८५ मीटर आणि १२८/१३२ ची १२.४३ मीटर. १:७२ मध्ये अनुक्रमे १६४.६ आणि १७२.६ मिलिमीटर. नळी सोडून धड ११.६८ मीटर, म्हणजे मॉडेलवर १६२ मिलिमीटर. पंखाचा पसारा रेलशिवाय ९.३९ मीटर, म्हणजे १३०.४ मिलिमीटर, टोकाला क्षेपणास्त्रं लावली तर ९.९४ मीटर, १३८ मिलिमीटर. एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. धडच सात मिलिमीटर आखूड भरलं तर खोक्यात चुकीचं किट आहे.

बांधणीच्या आदल्या दिवशी सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर प्रायमर (रंगाखालचं अस्तर) पुढे मास्किंग टेपबरोबर सोलून निघतो, आणि तोही नेमका शेवटच्या टप्प्यात.

कॉकपिट आणि नाकातलं वजन

टी.१ मध्ये डायल, १३२ मध्ये पडदे (स्क्रीन). दुसऱ्या किटचे डायलवाले डिकल पॅनेलवर चिकटवले तर मोठ्या कॅनॉपीतून चूक उघड दिसते. पडदे करायचे तर पॅनेल काळं मॅट रंगवा, पूर्ण वाळल्यावर पडद्यांच्या चौकोनात चकचकीत काळ्याचा एकेक थेंब सोडा. बंद विमानात पडदे काळेच असतात. हिरवे-निळे रंगवू नका. आसनांना पट्टे हवेत. मास्किंग टेपच्या ०.७ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून, वाळक्या गवताच्या रंगात रंगवून, बसवण्याआधी बोटात थोड्या चुरगाळा. मागचं आसन पुढच्यापेक्षा स्पष्ट उंच बसलं पाहिजे. कोरडं जोडून कॅनॉपी ठेवून बघा. मागच्या आसनाचं डोकं काचेला टेकत असेल तर आसनाच्या तळातून अर्धा मिलिमीटर घासा.

धड मिटवण्याआधी वजन. हॉक मागे बसतं, कारण मॉडेलमध्ये इंजिनाची जागा पोकळ असली तरी पंख आणि शेपूट मागे आहेत. मासेमारीच्या गळाला लावायचं शिसं किंवा स्टीलचे छर्रे चालतात. किती घालायचं ते असं ठरवा: धडाचे दोन भाग, पंख आणि शेपटी टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागेखाली आडवी टूथपिक ठेवा आणि विमान तिच्यावर तोला. कॉकपिटच्या पुढे वरून शिशाचे तुकडे ठेवत जा. नाक खाली टेकलं की तेवढं वजन मोजा आणि त्यात चौथा हिस्सा भर घाला, कारण रंग, पुट्टी आणि शेपटीकडचे छोटे भाग अजून चढायचेत. शिसं एपॉक्सीने बसवा. फेव्हिकॉलमध्ये शिसं काही वर्षांत पांढरं फुगून येतं आणि नाकाची शिवण उकलते. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

धड, हवेची तोंडं, शेपूट

धडाची शिवण पातळ सिमेंटने (प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाने), एका वेळी तीन सेंटिमीटर. दोन्ही अर्धे किंचित फटीने धरा, फटीत सिमेंट वाहू द्या, दहापर्यंत मोजा आणि दाबा. वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर आला तर शिवण भरली. त्याला हात लावू नका. चोवीस तासांनी ४०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासा, मग ८००, मग १२००. लवकर घासलं तर शिवण आठवड्याभराने खाली बसते आणि चकचकीत लाल रंगाखाली रेघेसारखी दिसते. सूर्यकिरणसारख्या चकचकीत मॉडेलवर हा दोष लपत नाही. मॅट करड्या विमानावर तो खपून जातो.

हवेच्या तोंडांच्या आतली शिवण घासायला जागा नसते. तिथे पांढरा रंग थोडा दाट करून आत ओता, विमान फिरवून सगळीकडे पसरू द्या आणि उरलेला ओघळून काढा. दोन वेळा केलं की शिवण दिसेनाशी होते. आतला रंग बाहेरच्याला कुठे मिळतो ते फोटोत बघा.

पंख बसवताना समोरून बघत राहा. पंख टोकाकडे किंचित वर जातात, तर आडवी शेपूट उलट खाली झुकते. हा विरोध हॉकच्या चेहऱ्याचा मोठा भाग आहे. शेपूट सरळ आडवी बसली तर विमान कुठलंही वाटतं, हॉक वाटत नाही. उजवी-डावी शेपूट सारखीच झुकली का हे पाहायला विमान पाठीमागून आरशासमोर धरा. आरशात वाकडेपणा चटकन डोळ्यात भरतो.

स्मर्फ शेवटी. किटमधली पानं जाड वाटली तर ०.२५ मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून नवी कापा, मागची कड सँडपेपरवर दोनदा ओढून पातळ करा. पायाशी सिमेंटचा थेंब टूथपिकने द्या; ब्रशने दिलं तर पान वितळतं.

एअरब्रेक बंद ठेवा. चाकं खाली असताना हॉकचा एअरब्रेक उघडत नाही, कारण उघडला तर जमिनीला लागेल. चाकं सोडताच तो आपोआप मिटतो. चाकं खाली आणि एअरब्रेक उघडा असं मॉडेल जाणकाराला दुरूनच खटकतं. उड्डाणातलं मॉडेल करणार असाल तर चाकांची दारं बंद करावी लागतील. दारं उघडी ठेवण्याच्या मापाने बनवलेली असतात, म्हणून कडा थोड्या घासत, पुन्हापुन्हा कोरडं बसवून बघत जा आणि उरलेली फट पुट्टीने भरा.

कॅनॉपी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

हॉकची कॅनॉपी एकाच मोठ्या तुकड्याची, उजवीकडे कलंडून उघडणारी. तिच्या काचेच्या आतून एक नागमोडी पांढुरकी रेघ जाते. ती आहे स्फोटक दोरी. वैमानिकाने आसनाची मूठ ओढली की आधी ही दोरी फुटून काच फोडते, मग आसन बाहेर पडतं. खऱ्या विमानात ही रेघ दुरूनही दिसते, आणि मॉडेलवर ती नसेल तर कॅनॉपी खेळण्यातली वाटते.

ब्रशने ही रेघ ओढू नका. हात कितीही स्थिर असला तरी ती जाड होते आणि काचेवरून पुसताना डाग पडतो. त्याऐवजी कोरा पारदर्शक डिकल कागद घ्या. त्यावर फिकट करडा-पांढरा रंग एअरब्रशने पातळ मारा, दिवसभर वाळू द्या, वर एक हात ग्लॉस (चकचकीत पारदर्शक वार्निश). नवं ब्लेड आणि स्टीलची पट्टी घेऊन ०.३ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. पट्ट्या दहा-बारा कापल्या की त्यातल्या पाच-सहा एकसारख्या निघतात, त्याच वापरा. फोटो मोठा करून कॅनॉपीवरचा नमुना कागदावर काढून घ्या, कागद कॅनॉपीच्या आत धरा आणि त्यावरून पट्ट्या बाहेरच्या बाजूने बसवा. वळणावर पट्टी दुमडते. तिथे तुकडा तोडून नवा जोडा. डिकल मऊ करणारं द्रव काचेवर अगदी थोडं वापरा आणि आधी स्प्रूवरच्या पारदर्शक तुकड्यावर चाचणी घ्या, कारण काही द्रवं काचेला बारीक तडे देतात.

कॅनॉपी चिकटवायला फेव्हिक्विक कधीही नको. त्याची वाफ काचेच्या आतून पांढरी बसते आणि ती पुसायला आत बोट जात नाही. साधा पांढरा फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने कडेला लावा. तो वाळल्यावर दिसत नाही, चुकलं तर कोमट पाण्याने सुटतो. चौकट रंगवताना आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा आणि मगच बाहेरचा. म्हणजे आतून बघितल्यावर चौकट लाल दिसत नाही.

लाल आणि पांढरा

काही रेड अ‍ॅरोज किट लाल प्लास्टिकमध्ये येतात. तसलं काही हाती असेल, किंवा लाल पुट्टी वापरली असेल, तर तो लाल पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर येतो, कधी दोन दिवसांनी. उपाय एकच: करड्या प्रायमरचे दोन हात, त्यावर चंदेरीचा एक पातळ हात, मग पांढरा. चंदेरी थर लाल रंग वर येऊ देत नाही.

क्रम कायम पांढरा आधी, लाल नंतर. लालावर पांढरा झाकायला सहा-सात हात लागतात आणि कड जाड होते. लॅकर थिनरवर चालणारा अ‍ॅक्रिलिक असेल तर रंग एक भाग, थिनर एक ते दीड भाग, दाब १५ पीएसआयच्या आसपास, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. पांढऱ्याचे चार पातळ हात द्या, मधे दहा-दहा मिनिटं थांबा. पहिल्या हाताने काहीच झाकलं गेलं नाही असं वाटेल. तसंच वाटायला हवं. घाईने भरून मारलेला पांढरा पॅनेल रेषा बुजवतो. पांढरा पूर्ण चोवीस तास वाळू द्या. खिडकी उघडी आणि तोंडाला लॅकरच्या वाफेचा मास्क हवाच. साधा कापडी मास्क त्या वाफेला काही करत नाही.

मास्किंगसाठी टेप थेट रोलमधून लावू नका. काचेवर चिकटवा, नव्या ब्लेडने कड नव्याने कापा आणि ती कड वापरा. रोलची मूळ कड धूळ खाऊन दातेरी झालेली असते. वळणांसाठी दीड-दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या, बाकी जागा रुंद टेप आणि कागदाने झाका. टेप नखाने दाबा, मग टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचा एक हलका हात मारा. टेपखाली जिथे फट आहे तिथे पांढराच शिरतो आणि फट बंद होते. त्यानंतर मारलेला लाल आत जाऊ शकत नाही. लालाचे तीन पातळ हात, शेवटच्या हातानंतर अर्ध्या तासात टेप काढा, टेप स्वतःवरच दुमडत, कमी कोनात, हळू. टेप रात्रभर ठेवला तर कड फाटते.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात लाल रंगावरचा ग्लॉस दुधाळ पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ तिथेच साचते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरड्या दुपारीच मारा, किंवा खोलीत दोन तास एसी चालवून मग मारा. दुधाळ पडलंच तर पुसू नका. हवा कोरडी असताना नुसत्या संथ वाळणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या. थर पुन्हा ओला होतो आणि वाफ निघून जाते.

डिकल आणि तिरंगी चक्र

डिकल मॅट रंगावर बसवले तर खाली हवेचे चंदेरी बुडबुडे राहतात. म्हणून ग्लॉस आधी. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून मिनिटभर ठेवा. कागदावर सरकलं की तयार. शाईखाली पांढरा थर नसेल तर भगवा लालावर मळकट दिसतो. नको असलेल्या एखाद्या रंगीत डिकलचा तुकडा लाल प्लास्टिकवर टाकून बघा. रंग दबला तर आधी त्याच मापाचा पांढरा गोल डिकल लावा, वर चक्र. आपल्या चक्रात भगवा बाहेर, पांढरा मधे, हिरवा आत.

शेपटीवरची तिरंगी पट्टी दोन्ही बाजूंना एकमेकींचं आरशातलं रूप असते. पुढच्या कडेला एका बाजूला जो रंग, दुसऱ्या बाजूलाही तोच. दोन्ही बाजूंना तोच डिकल सरळ लावला तर एका बाजूला क्रम उलटा पडतो. कुठला रंग पुढे ते तुमच्याच फोटोत बघून ठरवा. सगळं वाळल्यावर डिकलचा डिंक ओल्या कापडाने पुसून काढा, नाहीतर महिनाभराने पिवळे डाग येतात, आणि मग शेवटचा ग्लॉसचा हात.

नाकावरची नळी

सगळ्यात शेवटी नाकाच्या टोकावरची नळी. किटमधली प्लास्टिकची नळी जाड असते आणि पहिल्याच दिवशी तुटते. त्याऐवजी सुमारे पाव मिलिमीटर व्यासाची ताठ पोलादी तार घ्या. १:७२ ला ती चांगली शोभते. तार पक्कडीत धरून टोक आधी कानसेने घासून बोथट करा, डोळ्यावर चष्मा ठेवा, उडालेला तुकडा चुंबकाने उचला. नाकात ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाच मिलिमीटर खोल भोक पाडा. नाकात आधीच शिसं असेल तर ड्रिल अडकतं, म्हणून वजन भरतानाच मधोमध बारीक जागा मोकळी ठेवलेली बरी. १३२ ची नळी खऱ्या विमानावर पाऊण मीटरच्या आसपास पुढे येते, म्हणजे मॉडेलवर दहा मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. तार पंधरा मिलिमीटर कापा, पाच आत, दहा बाहेर. फेव्हिक्विकचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब भोकात सोडा, तार घाला, आणि थेंब सुकायच्या आत विमान वरून आणि बाजूने दोन्हीकडून बघून नळी सरळ करा. तुमच्याकडे दहा-पंधरा सेकंद असतात.